मर्केटस सेंटर म्हणजे काय, कोकचे पैसे, फेलोशिप वगैरे: सगळे विचारतात ते प्रश्न एकदाच

मी जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतून इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स केलंय, आता इथंच व्हर्जिनियात नोकरी करतो. मूळचा निफाड तालुक्यातला, घरी कांदा. महिन्याला दोन-चार मेसेज ठरलेले, कुणाच्या मुलाला ॲडमिशन हवी असते, कुणी म्हणतं दादा ते कोकचं सेंटर ना, कुणाला एवढंच जाणून घ्यायचं असतं की युनिव्हर्सिटीत बसून हे लोक दिवसभर करतात तरी काय. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मर्केटस म्हणजे जॉर्ज मेसनशी जोडलेलं, सरकारी नियम आणि धोरणांवर संशोधन करणारं सेंटर, आणि कोक म्हणजे त्याला पैसा देणारे अमेरिकन उद्योगपती चार्ल्स कोक. आधीच सांगतो, मी मर्केटसमध्ये कधी नोकरी केली नाही, त्यांची फेलोशिपही मला नव्हती. पण त्यांच्या सेमिनारना भरपूर बसलोय, त्यामुळे जे लिहितोय ते जवळून बघून लिहितोय.

मर्केटस सेंटर हा युनिव्हर्सिटीचा डिपार्टमेंट आहे का?

नाही, आणि इथंच बहुतेकांचा घोळ होतो. जॉर्ज मेसन ही व्हर्जिनिया राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी, मेन कॅम्पस फेअरफॅक्सला. मर्केटस तिच्याशी जोडलेलं आहे, नावातही जॉर्ज मेसन लागतं, तिथले बरेच प्रोफेसर युनिव्हर्सिटीच्या इकॉनॉमिक्स डिपार्टमेंटमध्ये शिकवतात, पण कायद्यानं ती वेगळी ना-नफा संस्था आहे आणि पैसा तिचा तिनं उभा करायचा. युनिव्हर्सिटीकडून किंवा सरकारकडून आम्ही पैसे घेत नाही असं ते स्वतः सांगतात. डिग्री मर्केटस देत नाही, डिग्री युनिव्हर्सिटीची. ऑफिस आर्लिंग्टनला, मेट्रोच्या व्हर्जिनिया स्क्वेअर स्टेशनजवळ, वॉशिंग्टन डीसी तिथून काही स्टेशनांवर. ही जागा महत्त्वाची आहे, कारण पेपर लिहिणारा माणूस दुपारी मेट्रो पकडून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, कमिटीसमोर बोलून संध्याकाळी परत येऊ शकतो.

नाव असं का? आणि सुरुवात कुणी केली?

मर्केटस हा लॅटिन शब्द, अर्थ बाजार, व्यापार. सुरुवात रिच फिंक यांची. ते तेव्हा रटगर्स युनिव्हर्सिटीत होते, तरुण होते, ऑस्ट्रियन स्कूलच्या, म्हणजे बाजार मोकळा ठेवा म्हणणाऱ्या पंथाच्या, अर्थशास्त्रानं भारावलेले, त्यांनी चार्ल्स कोक यांच्याकडून मदत मिळवली आणि १९८० मध्ये आपलं सेंटर घेऊन जॉर्ज मेसनला आले. मर्केटस हे नाव नंतर, १९९९ मध्ये आलं. जॉर्ज मेसन तेव्हा अगदी कोवळी युनिव्हर्सिटी होती, स्वतंत्र होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच हे जमलं, जुन्या नावाजलेल्या ठिकाणी अशा माणसांना कुणी उभं केलं नसतं. १९८३ मध्ये जेम्स बुकॅनन आपलं पब्लिक चॉइसचं सेंटर व्हर्जिनिया टेकहून इथं घेऊन आले, तीन वर्षांनी, १९८६ ला, त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि जॉर्ज मेसनचं नाव जगभर गेलं. २००२ मध्ये इथंच असताना व्हर्नन स्मिथ यांना मिळालं. ही दोन्ही नोबेलं मर्केटसची नाहीत, युनिव्हर्सिटीतल्या माणसांची आहेत, पण हवा तीच, माणसं एकमेकांत मिसळलेली.

पब्लिक चॉइस म्हणजे काय ते साध्या भाषेत सांग ना

बाजारातला माणूस स्वतःचा फायदा बघतो हे सगळ्यांना मान्य असतं. बुकॅनन यांचं म्हणणं असं की तोच माणूस मंत्री झाला, सेक्रेटरी झाला की अचानक साधू होतो हे गृहीत का धरायचं? त्यालाही निवडणूक जिंकायची असते, बजेट वाढवायचं असतं, बदली टाळायची असते. म्हणजे बाजार चुकला की सरकार आपोआप बरोबर करेल असं नाही, सरकारही चुकू शकतं, आणि दोघांची तुलना करताना दोघांनाही एकच फूटपट्टी लावायची. तहसील कचेरीत एका सातबाऱ्यासाठी चार चकरा मारलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

बरं, पण काम काय चालतं नेमकं?

सगळ्यात जास्त काम नियमांवर, म्हणजे रेग्युलेशनवर. अमेरिकेत १९४६ च्या कायद्यानुसार सरकारी खात्याला नवीन नियम आणायचा असेल तर आधी मसुदा छापावा लागतो आणि लोकांची मतं मागवावी लागतात. मर्केटसची माणसं असे मसुदे वाचतात, त्याचा फायदा-तोटा मांडतात, लेखी कमेंट पाठवतात. कंटाळवाणं काम आहे पण वजन भरपूर. वॉल स्ट्रीट जर्नलनं २००४ मध्ये छापलं होतं की बुश सरकारनं बदलायला काढलेल्या २३ नियमांपैकी १४ मर्केटसनं सुचवलेले होते. तिथल्याच सुझन डडली २००७ मध्ये व्हाइट हाउसच्या त्या ऑफिसच्या प्रमुख झाल्या जिथं असे सगळे नियम तपासले जातात. तेव्हा कुणी म्हणालं की हे नुसते पेपर लिहिणारे लोक आहेत तर तसं अजिबात नाही.

दुसरं काम मला फार आवडतं, रेगडेटा. कल्पना सोपी आहे, अमेरिकेच्या केंद्र सरकारचे सगळे नियम कॉम्प्युटरला वाचायला द्यायचे आणि त्यात शॅल, मस्ट, मे नॉट, रिक्वायर्ड, प्रोहिबिटेड असे बांधून घालणारे शब्द किती वेळा येतात ते मोजायचं. १९७० च्या आसपास हा आकडा चार लाखांच्या घरात होता, आता दहा लाखांच्या वर गेलाय. कुठल्या धंद्यावर किती, कुठल्या खात्याचे किती, कुठल्या राज्यात किती, सगळं काढता येतं. मी आणि माझ्या रूममेटनं एकदा गंमत म्हणून महाराष्ट्र शासनाचे काही जीआर घेऊन हेच केलं, आपल्याकडे शब्द म्हणजे बंधनकारक राहील, आवश्यक राहील, अनुज्ञेय असणार नाही, सादर करणे अनिवार्य. दोन पानांच्या जीआरमध्ये एवढे निघाले की आम्ही पुन्हा मोजले. नंतर कितीतरी दिवस बातमीत कुठलाही नवीन नियम आला की मी हेच शब्द शोधत बसायचो.

पण या पद्धतीत एक मोठी उणीव आहे आणि ती मी त्यांच्याच सेमिनारमध्ये बोललोय. शब्द मोजता येतो, वजन मोजता येत नाही. अणुभट्टीच्या सुरक्षेचा एक मस्ट आणि फॉर्मच्या रंगाचा एक मस्ट, दोन्ही एकच धरले जातात. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे वाईटच झालं असं कुणी सांगत असेल तर थोडं थांबा.

नियम कमी करून दाखवलेत का कुणी, की सगळं कागदावर?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं उदाहरण मर्केटसवाले नेहमी देतात, त्यावर त्यांनी अभ्यासही छापलाय. तिथल्या सरकारनं २००१ मध्ये ठरवलं की तीन वर्षांत नियमांतल्या अटी एक तृतीयांशानं कमी करायच्या, आधी सगळ्या मोजल्या, प्रत्येक खात्याला टार्गेट दिलं आणि ठरवल्यापेक्षा जास्तच कमी केल्या. मला यातली मोजण्याची गोष्ट मोलाची वाटते. आपल्याकडे लायसन्स-परवाने कमी करू अशी घोषणा प्रत्येक सरकार करतं, पण आधी किती होते हेच कुणी मोजलेलं नसतं, मग कमी झाले का वाढले ते कसं कळणार.

सामान्य माणसाच्या उपयोगाचा एखादा विषय?

हॉस्पिटलं. ऐकून धक्का बसेल पण अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नवीन हॉस्पिटल काढायचं, बेड वाढवायचे, कधीकधी एमआरआयचं मशीन घ्यायचं तरी आधी राज्याकडून गरजेचा दाखला घ्यावा लागतो, की या भागात खरंच गरज आहे. आणि त्या सुनावणीत शेजारचं हॉस्पिटल येऊन हरकत घेऊ शकतं! म्हणजे गावात दुसरं किराणा दुकान उघडायचं का ते पहिल्या दुकानदाराला विचारायचं. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांना हे जवळजवळ सक्तीचं केलं, खर्च आटोक्यात राहील म्हणून, १९८७ मध्ये केंद्रानं तो कायदाच रद्द केला, पण बहुतेक राज्यांनी आपापले दाखले चालूच ठेवले, व्हर्जिनियातही आहेत. मर्केटसच्या लोकांनी वर्षानुवर्षं यावर आकडेवारी काढली आणि दाखवलं की दाखल्याच्या राज्यांत लोकसंख्येच्या मानानं हॉस्पिटलं कमी, आणि फटका खेड्यांनाही बसतो. यावर वाद आहे, ज्या राज्यांत दाखले आहेत ती राज्यं मुळातच वेगळी असतील असं विरोधक म्हणतात, आणि तो मुद्दा पोकळ नाही. तरीही २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनानं हा कायदा बऱ्याच अंशी काढून टाकला. मला तरी वाटतं की आजारी माणसाच्या बाजूनं बघितलं तर शेजारच्या हॉस्पिटलला हरकतीचा हक्क असण्याचं एकही चांगलं कारण नाही.

कोकचा पैसा आहे ना? मग हे सगळं विकत घेतलेलंच झालं

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच पाहिजे. हो, कोकचा पैसा सुरुवातीपासून आहे. चार्ल्स कोक म्हणजे कॅन्ससमधल्या विचिटा शहरातल्या कोक इंडस्ट्रीजचे मालक, तेल रिफायनरी, केमिकल, कागद असले धंदे. ते मर्केटसच्या बोर्डावर राहिलेले आहेत, आणि ज्यांनी सेंटर काढलं ते रिच फिंक पुढे कोकच्या कंपनीतच मोठे अधिकारी झाले. आता प्रदूषणाचे नियम सैल झाले तर रिफायनरीवाल्याचा फायदा होतो हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. त्यामुळे मर्केटसचा पर्यावरणावरचा पेपर हातात आला तर मी डबल तपासून वाचतो आणि तुम्हीही वाचा.

आणि जॉर्ज मेसनमध्ये एक प्रकरण खरंच चुकीचं झालं. विद्यार्थ्यांचा एक ग्रुप, ट्रान्सपरंट जीएमयू नावाचा, काही वर्षं मागणी करत होता की देणगीदारांबरोबरचे करार दाखवा. युनिव्हर्सिटी म्हणायची की देणग्या आमच्या फाउंडेशनकडे येतात, ती वेगळी संस्था. मुलं कोर्टात गेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रेसिडेंट आंखेल काब्रेरा यांनी स्वतःच कबूल केलं की जुन्या काही करारांत देणगीदाराला प्रोफेसर निवडण्याच्या कमिटीवर माणसं नेमायचा हक्क दिला होता, आणि हे करार शैक्षणिक स्वातंत्र्याला शोभणारे नव्हते. शेवटचा निर्णय युनिव्हर्सिटीचाच होता हे खरं, पण कमिटीवर देणगीदाराचा माणूस बसतोच कसा? ज्यानं पैसे दिले त्यानं दाराबाहेर थांबायचं. पुढे २०१९ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की फाउंडेशन ही सरकारी संस्था नाही, त्यामुळे माहितीच्या कायद्याखाली तिला कागद दाखवायची सक्ती नाही. मुलं हरली. मला त्या मुलांबद्दल फार आदर आहे, त्यांच्यातल्या कित्येकांची राजकीय मतं माझ्या उलट असतील, पण सरकारी युनिव्हर्सिटीत कोण शिकवणार हे ठरवणारा कागद बंद कपाटात राहू नये ही मागणी शंभर टक्के बरोबर होती. आणि बाजाराची बाजू घेणाऱ्यांनी तर ती आधी करायला हवी होती, कारण बाजार चालतो तोच मुळी उघड माहितीवर.

मग त्यांचा रिसर्च वाचायचा का नाही?

वाचायचा. एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल. २०१८ मध्ये मर्केटसच्या चार्ल्स ब्लाहस यांनी डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या मेडिकेअर फॉर ऑल, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, या योजनेचा हिशोब केला, निघालं की केंद्र सरकारचा खर्च दहा वर्षांत सुमारे ३२.६ लाख कोटी डॉलरनं वाढेल. रिपब्लिकन लोकांनी आकडा उचलला, टीव्हीवर तोच. पण सँडर्सच्या माणसांनी तोच पेपर पूर्ण वाचला आणि त्यातलंच एक टेबल पुढे केलं, की योजनेतल्या सगळ्या अटी जशाच्या तशा पाळल्या गेल्या तर देशाचा आरोग्यावरचा एकूण खर्च, सरकारी अधिक खासगी, साधारण दोन लाख कोटी डॉलरनं कमी होतो. मग सँडर्सनी व्हिडिओ करून कोकच्या सेंटरचे जाहीर आभार मानले! ब्लाहस यांचं म्हणणं होतं की डॉक्टर-हॉस्पिटलांना एवढे कमी पैसे देऊन योजना चालणारच नाही, त्यामुळे ती बचत धरू नका. कोण बरोबर ते तुम्ही ठरवा. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की ते टेबल पेपरमध्ये होतं, लपवलेलं नव्हतं. ज्या संशोधनात विरोधकाला स्वतःचा मुद्दा सापडू शकतो ते वाचण्यासारखं असतं.

तिथं सगळे एकाच साच्यातले का?

बाहेरून तसं वाटतं. आत गेलं की भांडणं दिसतात. टायलर कावन मर्केटसचे फॅकल्टी डायरेक्टर, ते २०२० पासून उघड म्हणतात की नुसतं सरकार लहान करून भागत नाही, सरकारला कामं नीट जमलीही पाहिजेत. पीटर बेटकी अर्थशास्त्रज्ञ हायेक यांच्या नावाचा हायेक प्रोग्रॅम चालवतात, ते अशा बाबतीत जास्त सावध. स्कॉट समनर आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आलेत, की सेंट्रल बँकेनं महागाईऐवजी देशाच्या एकूण रुपयातल्या, म्हणजे इथं डॉलरमधल्या, उत्पन्नाची वाढ स्थिर ठेवावी, ते तर ऑस्ट्रियन स्कूलच्या मूळ मंडळींना अजिबात झेपत नाही.

आणि कतरिना वादळाचं काम वाचा. २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्स बुडालं, त्यानंतर यांची टीम काही वर्षं तिथं जाऊन लोकांशी बोलत राहिली, कोण परत आलं, कोण नाही, का. शहराच्या पूर्वेला व्हिएतनामी लोकांची एक चर्चभोवतीची वस्ती होती, ती इतरांच्या आधी उभी राहिली कारण फादर आणि लोक एकमेकांना धरून होते, सरकारी प्लॅनची वाट बघत बसले नाहीत. त्यात कुठं कंपनी नाही, नफा नाही, नुसती शेजारधर्माची ताकद. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर ज्यांनी घरं उभी राहताना पाहिली त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

भारताशी काही संबंध?

चांगलाच आहे. श्रुती राजगोपालन तिथल्या सीनियर फेलो, पीएचडी जॉर्ज मेसनचीच, भारतावरचं काम त्या बघतात. १९९१ प्रोजेक्ट त्यांचाच, आर्थिक सुधारणांना तीस वर्षं झाली तेव्हा सुरू झाला, त्यात लायसन्स राज कसं होतं, कुणी मोडलं, कागदपत्रं काय होती, असं सगळं. २४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण आलं आणि १८ उद्योग सोडून बाकीच्यांचं लायसन्स गेलं, हे वाचताना मला आमच्या आप्पांची गोष्ट आठवते, चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारे लोक त्यांनी पाहिलेत. आकुर्डीच्या कारखान्याला जास्त स्कूटर करायच्या होत्या, लोकांना घ्यायच्या होत्या, पण किती करायच्या ते दिल्लीत ठरायचं.

श्रुती यांनी जॉर्ज मेसनचे प्रोफेसर ॲलेक्स टॅबारॉक यांच्याबरोबर २०१९ मध्ये एक पेपर लिहिलाय, तो प्रत्येक मराठी यूपीएससीवाल्यानं वाचावा असं माझं मनापासून म्हणणं आहे. मुद्दा असा की भारतातला शिकलेला वर्ग श्रीमंत देशांचे कायदे बघून तसेच आणतो, पण ते पेलायची सरकारची ताकद नसते. उदाहरण २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेचं, २०१७ चं. कायदा छान, पण बहुतेक बायका शेतात, घरकामाला, बिगारीवर, त्यांना तो लागूच होत नाही. मला यात एक गोष्ट खटकते, कायदा आधी आणि ताकद नंतर असंही कधी कधी होतं, रोजगार हमीतून हे महाराष्ट्रानंच दाखवलं. पण पेपर विचार करायला लावतो.

शेतकरी संघटना आणि हे लोक, विचार एकच का?

आप्पांच्या शर्टाला संघटनेचा लाल बिल्ला असायचा त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरचाच आहे. गंमत बघा, १९८० ला फिंक सेंटर घेऊन जॉर्ज मेसनला येत होते आणि त्याच वर्षी चाकणला शरद जोशी कांद्यासाठी रस्त्यावर बसले होते. निर्यातबंदी नको, लेव्ही नको, सरकारनं भाव पाडू नयेत, याला जोशी उणे सबसिडी म्हणायचे, इथपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून चालतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, लासलगावला लिलाव बंद पडले, हे मर्केटसच्या कुठल्याही माणसाला सांगा, तो तुमच्याच बाजूनं बोलेल. फरक पुढे आहे. संघटना भीक नको, हवे घामाचे दाम म्हणायची आणि ते दाम उत्पादन खर्चावर काढायची, कर्जमुक्ती मागायची कारण सरकारनं आधी आमच्याकडून लुटलंय असा तिचा हिशोब. सरकारनं भाव ठरवावा हे इथल्या माणसांना पटत नाही. मी आप्पांना एकदा फोनवर हे सांगितलं, ते म्हणाले, आधी पाय काढा म्हणावं मानेवरून, मग बाकीचं बोलू. मला त्यांचं पटतं.

भारतातून मास्टर्स-पीएचडीला यायचंय, फेलोशिप मिळते का?

मिळते. ॲडमिशन युनिव्हर्सिटीच्या डिपार्टमेंटला घ्यायची आणि मर्केटसच्या फेलोशिपला वेगळा अर्ज करायचा, हे दोन अर्ज आहेत हे विसरू नका, बरीच मुलं इथं चुकतात. एमएची आणि पीएचडीची वेगवेगळी असते, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्यांसाठी ॲडम स्मिथ फेलोशिप आहे. तारखा आणि रक्कम वेबसाइटवर बघा. निबंधात मला फ्री मार्केट आवडतं एवढंच लिहू नका, ते हजार लोक लिहितात. तुमच्या तालुक्यातला एखादा नियम घ्या, तो कुणाला मदत करतो, कुणाला नडतो, ते लिहा. आणि गणित पक्कं करून या, पहिल्या सेमिस्टरला तेच कामाला येतं. डिपार्टमेंटची हवा एका बाजूला झुकलेली आहे हे माहीत असू द्या, म्हणजे उलट बाजूची पुस्तकं स्वतःहून वाचायला लागतील.

इमर्जंट व्हेंचर्स हे वेगळं काय आहे?

२०१८ मध्ये टायलर कावननी सुरू केलं, नवीन कल्पना असलेल्या माणसांना पैसे द्यायचे. डिग्री विचारत नाहीत, अर्ज छोटा, उत्तर पटकन. भारतासाठी वेगळा भाग आहे, तो श्रुती राजगोपालन बघतात, आणि शाळेतल्या पोरांनाही मिळालेत. कोविडमध्ये याच धर्तीवर फास्ट ग्रांट्स काढलं, सायंटिस्टनी अर्ध्या तासात अर्ज करायचा, ४८ तासांत उत्तर, असे पाच कोटी डॉलरहून जास्त वाटले. थुंकीवरून कोविड तपासायची येलची टेस्ट त्यातूनच मदत मिळालेली. कल्पना असेल तर अर्ज करा, इंग्लिश मोडकं असलं तरी चालेल, काय करणार ते मात्र स्पष्ट लिहा.

पैसे न घालता शिकायचं असेल तर कुठून सुरू करू?

मार्जिनल रेव्होल्यूशन युनिव्हर्सिटीचे व्हिडिओ, कावन आणि टॅबारॉक यांचे, २०१२ पासून फुकट आहेत, इंग्लिश साधं आहे. त्यातला किमतींवरचा भाग आधी बघा. मग श्रुतींचा आयडियाज ऑफ इंडिया पॉडकास्ट, एसटीत ऐकत जा. १९९१ प्रोजेक्टचे लेख त्यानंतर. अडलं तर मला लिहा, शनिवारी-रविवारी उत्तर देतो.